सूर्य कुठे टांगायचा?

सिनेमाच्या सेटवर छायालेखकाचा बराचसा वेळ उजेड अडवण्यात जातो. नको तिथला उजेड कापायला कटर, ऊन मऊ करायला चौकटीवर ताणलेलं पांढरं कापड, चेहऱ्याची काळी पडलेली बाजू उचलायला थर्माकोल. सूर्य फुकट मिळतो, पण तो कुणाचं ऐकत नाही. व्हिडिओ गेम बनवणाऱ्याची अडचण नेमकी उलटी आहे. त्याच्या जगात सूर्य नसतोच. तो आणून टांगावा लागतो. कुठल्या दिशेने ऊन येणार, ते किती पिवळं, किती प्रखर, हे आकडे भरून ठरवावं लागतं. आणि एवढं करूनही तो सूर्य आपणहून काही करत नाही. आपल्या घरात खिडकीतून आलेलं ऊन फरशीवर पडतं, तिथून उसळून छताला लागतं, लाल सतरंजीवरून उठलेला उजेड शेजारच्या पांढऱ्या भिंतीला गुलाबी झाक देतो. गेममध्ये या प्रत्येक उसळीचा हिशेब कुणाला तरी मांडावा लागतो.

हिशेब कसा मांडायचा हे माहीत नव्हतं असं नाही. प्रकाश एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर कसा जातो याचं सर्वसमावेशक समीकरण जेम्स काजिया यांनी १९८६ मध्येच मांडलं होतं. प्रश्न परवडण्याचा होता. ॲनिमेशनपटातल्या एका चित्रचौकटीवर संगणक तासन्‌तास घालवू शकतो, कारण प्रेक्षक ती वर्षभराने बघणार असतो. गेममध्ये सेकंदाला ६० चौकटी हव्या असतील, तर एकीच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात, आणि तेवढ्यातच शत्रूच्या हालचाली, आवाज, पडझड हेही उरकायचं असतं. म्हणून गेममधल्या उजेडाचा इतिहास हा मुख्यतः कोणतं खोटं खपून जाईल, याचा इतिहास आहे. ते खोटं बोलता बोलता त्यातून एक कला कशी उभी राहिली, ते या प्रकरणात पाहू.

सुरुवात ‘डूम’पासून करू. टेक्सासमधल्या आयडी सॉफ्टवेअरने १९९३ मध्ये हा गेम काढला. त्यात उजेड टाकणारा दिवा नावाची वस्तूच नव्हती. नकाशाचे तुकडे पाडलेले होते, त्यांना ‘सेक्टर’ म्हणत, आणि प्रत्येक सेक्टरला एक आकडा दिलेला असे. ० म्हणजे काळोख, २५५ म्हणजे लख्ख. पडद्यावर रंग एकूण २५६, त्यामुळे प्रत्येक रंगाच्या हळूहळू काळ्या होत जाणाऱ्या ३२ पायऱ्यांचा तक्ता आधीच करून ठेवलेला होता. जितकं लांब तितकं काळं, हा दुसरा नियम. या दोन नियमांवर सगळा गेम चालतो. पण त्यात एक बारीकशी लबाडी आहे, ती मला फार आवडते. एकाच खोलीच्या चारही भिंतींना सारखाच आकडा दिला तर कोपरा दिसेनासा होतो. दोन भिंती मिळून एकच सपाट पट्टा वाटतो. त्यावर उपाय म्हणून नकाशावर नेमक्या पूर्व-पश्चिम जाणाऱ्या भिंती एक पायरी काळ्या आणि उत्तर-दक्षिण जाणाऱ्या एक पायरी उजळ रंगवल्या. त्याला कसलंही भौतिक कारण नाही. पण कोपरा दिसतो, खोली खोलीसारखी वाटते. चित्रकार घनाच्या तीन बाजू तीन छटांत रंगवतो, तोच हा धडा, फक्त दिशादर्शकाच्या भरवशावर गिरवलेला.

तीनच वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच कंपनीच्या ‘क्वेक’ने खरी उडी मारली. इथे दिवे होते. लेव्हल, म्हणजे खेळाचा एक टप्पा, तयार झाली की एक वेगळा प्रोग्राम चालवायचा. तो भिंतींवर, जमिनीवर, छतावर ठरावीक अंतराने ठिपके घेई आणि प्रत्येक ठिपक्यापासून दिव्यापर्यंत रेघ ओढून बघे. मध्ये काही आडवं आलं तर सावली, नाही आलं तर अंतराप्रमाणे उजेड. हे सगळे आकडे एका करड्या चित्रात साठवायचे आणि भिंतीच्या दगडी चित्रावर तो थर चढवायचा. त्या थराला लाइटमॅप म्हणतात, आणि तो तयार करण्याला या धंद्यात ‘लाइट बेक करणं’ म्हणतात. गेम चालू असताना हिशेब काहीच करायचा नसतो. उजेड भिंतीवर आधीच चिकटलेला असतो. जुन्या स्वयंपाकघरातल्या काजळीसारखंच हे. चूल दुसऱ्या खोलीत हलवली तरी डाग जिथल्या तिथे राहतात.

हीच बेक केलेल्या उजेडाची ताकद आणि हीच त्याची मर्यादा. सावल्या मऊ, दाट, पटणाऱ्या मिळतात, पण सूर्य हलत नाही आणि दिव्याखालचं टेबल सरकवता येत नाही. ‘क्वेक’मध्ये रॉकेट सुटलं की भिंती क्षणभर उजळतात, तेवढी सोय आयडीचे मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी ठेवली होती, त्या उजेडाची सावली मात्र पडत नाही. शिवाय सगळा प्रकाश रंगहीन होता, कमी किंवा जास्त एवढंच. रंगीत दिवे आणि भिंतीवरून उसळणारा उजेड पुढच्या वर्षी ‘क्वेक २’मध्ये आला.

मग बेक केलेला दिवा लुकलुकायचा कसा? अक्षरांनी. ए म्हणजे पूर्ण अंधार, एम म्हणजे नेहमीचा उजेड, झेड म्हणजे त्याच्या जवळपास दुप्पट. अशा अक्षरांची एक ओळ लिहायची, दर सेकंदाला दहा अक्षरं या वेगाने ती वाचली जाते, आणि संपली की पुन्हा पहिल्यापासून. लुकलुकत्या दिव्याची ओळ एम, एम, एन, एम, एम, ओ अशी सुरू होते. एकूण २३ अक्षरं, मध्ये कुठेतरी एकदाच क्यूपर्यंत भडकून खाली येते. कुणीतरी बसून, डोळे मिटून, दिवा कसा फडफडतो ते आठवत ही ओळ टाइप केली असणार. ‘हाफ-लाइफ’ (१९९८) ‘क्वेक’च्याच इंजिनात, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, फेरफार करून बनला, त्यामुळे ती ओळही त्यात आली; आणि २०२० मध्ये आलेल्या ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’मधले दिवेही त्याच तालावर फडफडतात, हे खेळणाऱ्यांनीच शोधून काढलं. मधल्या २४ वर्षांत इंजिन बदललं, व्हीआरमुळे पडदा डोळ्यांना बांधायचा झाला, दिव्याचा ताल तोच राहिला.

इथवर उजेड फक्त दिसण्यापुरता होता. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिज गावच्या लुकिंग ग्लास स्टुडिओजने ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’ काढला आणि उजेडालाच खेळाचा नियम करून टाकलं. गॅरेट नावाचा चोर, हातात तलवार असली तरी समोरासमोरच्या मारामारीत कच्चा. पहारेकऱ्याला तो दिसतो की नाही, हे तो किती उजेडात उभा आहे यावर ठरतं. पडद्याच्या खालच्या कडेला मधोमध एक रत्न आहे. गॅरेट अंधारात असला की ते विझल्यासारखं काळं, उजेडात आला की झळझळीत. त्याच्या भात्यात पाण्याचे बाण आहेत. भिंतीवरच्या मशालीवर एक सोडला की मशाल विझते, आणि त्या भिंतीपाशी लपायला जागा तयार होते. विजेचे दिवे मात्र पाण्याने विझत नाहीत. त्यामुळे श्रीमंताच्या वाड्यात शिरताना खेळणारा आधी छताकडे बघतो, इथे मशाली आहेत की वीज आलीये?

लेव्हल बनवणाऱ्याची इथे चांगलीच पंचाईत होते. मशाल कुठे छान दिसेल एवढाच प्रश्न राहत नाही. दोन मशालींमध्ये अंतर किती, पहारेकरी पाठ फिरवून परत येईपर्यंत ते ओलांडता येईल का, फरशी आवाज करणारी आहे की गालिच्याची, हे सगळं त्या मशालीला लटकलेलं असतं. त्यातून आणखी एक पेच. पहारेकऱ्याला जे दिसू नये ते खेळणाऱ्याला दिसलं पाहिजे. खरा काळोख केला तर खेळणाराच आंधळा. म्हणजे अंधारही खोटा हवा. जरा उजळ, वाट कळेल इतका. आणि तो उजळ असल्यामुळे आपण लपलोय की नाही याची खात्री डोळ्यांना पटत नाही, म्हणून ते रत्न. एका खोट्याला टेकू द्यायला दुसरं खोटं. २००२ च्या ‘स्प्लिंटर सेल’मध्ये तर याची कमालच आहे. नायक सॅम फिशर काळोखात दबा धरून बसलेला, आणि त्याच्या कपाळावरच्या चष्म्याचे तीन हिरवे दिवे लखलखताहेत. शत्रूला ते दिसत नाहीत. दिसायचेही नाहीत, ते आपल्यासाठी आहेत, आपला माणूस पडद्यावर कुठे आहे ते कळावं म्हणून. आजवर त्यावर विनोद पुष्कळ झाले, पण ते दिवे काढून टाका असं कुणी मनापासून म्हटल्याचं मला आठवत नाही.

उजेड बेक करायचा की चालू गेममध्ये मोजायचा, या निवडीतून दोन अगदी विरुद्ध चेहऱ्यांचे गेम निघाले. ‘डूम ३’ (२००४) मध्ये कारमॅक यांनी बेकिंग सोडूनच दिलं. प्रत्येक दिवा जिवंत, प्रत्येक सावली त्या क्षणी मोजलेली. लटकता दिवा झुलला की सावल्याही झुलतात. पण उसळणाऱ्या उजेडाचा हिशेब त्या काळच्या यंत्राला झेपणारा नव्हता, तो वगळला. परिणाम असा की जिथे थेट उजेड पोचत नाही तिथे काजळासारखा काळोख. मग गेम भयकथेचाच केला, हे ओघानेच आलं. त्यात टॉर्च आणि बंदूक एकाच वेळी हातात धरता येत नव्हती. बघायचं की मारायचं, एकच निवडा. लोक इतके वैतागले की काही हौशी प्रोग्रामरांनी टॉर्च बंदुकीला चिकटपट्टीने बांधण्याचा मॉड, म्हणजे गेममध्ये आपणच केलेला फेरफार, काढला, आणि २०१२ च्या नव्या आवृत्तीत कंपनीने स्वतःच टॉर्च चिलखतावर बसवून दिला. माझं मत विचाराल तर त्या दिवशी गेम सोयीचा झाला आणि थोडा मेला.

उलट टोकाला स्वीडनच्या डाइस स्टुडिओचा ‘मिरर्स एज’ (२००८). पांढरंशुभ्र शहर, गच्च्यांवरून धावणारी नायिका, डोक्यावर कडक ऊन. पांढऱ्या भिंती निवडणं हे धाडसच, कारण पांढऱ्यावर चूक लपत नाही. इथला सगळा उजेड बेक केलेला, बीस्ट नावाच्या सॉफ्टवेअरने उसळीसकट मोजलेला. म्हणून एखाद्या केशरी भिंतीची झाक समोरच्या पांढऱ्या खांबावर उतरते, हिरव्या दाराचा रंग जमिनीवर सांडतो. तो गेम अजूनही जुना दिसत नाही. त्याच सुमारास इतर अनेक गेम मात्र तपकिरी झाले होते आणि प्रत्येक उजळ वस्तूभोवती तुपकट धुकं चढलं होतं. ‘हाफ-लाइफ २: लॉस्ट कोस्ट’ (२००५) या छोट्या प्रात्यक्षिकात अंधाऱ्या चर्चमधून बाहेर पडलं की पडदा दिपतो आणि डोळे सरावावेत तसा निवळतो, ते सुरेख होतं. नंतर सगळ्यांनी त्या युक्तीचं तूप लावलं, एवढंच.

आता गेममधल्या उजेडाचं सगळ्यात अवघड काम. सिनेमात कॅमेरा दिग्दर्शकाच्या हातात असतो. प्रेक्षकाने दाराकडे बघायचं असेल तर दार दाखवता येतं. गेममध्ये कॅमेरा खेळणाऱ्याच्या अंगठ्याखाली. तो पाठ फिरवून भिंत न्याहाळत उभा राहू शकतो, आणि राहतोच. त्याला न सांगता दाराकडे कसं न्यायचं? उत्तर माणसाच्या जुन्या खोडीत आहे: अंधारात उभा माणूस उजेडाकडे जातो. ‘हाफ-लाइफ’वाल्या व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘लेफ्ट ४ डेड’ (२००८) मध्ये चार जण झाँबींच्या झुंडीतून पळताहेत, नकाशा बघायला फुरसत कुणालाच नाही. मग सोडून दिलेल्या गाडीचे चालू राहिलेले हेडलाइट जिकडे रोखलेले, तिकडे वाट असते. धुकंही तिथे शोभेसाठी नाही. मागे उजळ धुकं असलं की समोरून येणाऱ्या झाँबीची काळी आकृती लांबूनच कळते. ‘जर्नी’ (२०१२) मध्ये याचं टोक आहे. वाळवंट, एकही शब्द नाही, बाण नाही. क्षितिजावर एक डोंगर आणि त्याच्या माथ्यावर उजेडाची चीर. खेळणारा तिकडेच चालू लागतो.

माणूस ओळखण्याचं कामही उजेडाकडेच. ‘टीम फोर्ट्रेस २’ (२००७) मध्ये नऊ प्रकारची पात्रं आहेत आणि समोरचा कोण हे पळता पळता ओळखता आलं पाहिजे. व्हॉल्व्हच्या कलाकारांनी जे. सी. लायेनडेकर वगैरे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे अमेरिकन चित्रकार समोर ठेवले. त्यांच्या चित्रांत माणसाच्या कडेवर उजेडाची धार असते आणि सावली काळी न होता थंड रंगाकडे झुकते. गेममध्ये तसंच केलं. बाह्यरेषा काळ्या पेनाने काढण्याऐवजी पात्राच्या कडेला उजेड दिला. तो उजेड कुठल्या दिव्यातून येतो, असं विचारायचं नाही.

पण माझ्या लेखी या सगळ्या लबाडीचा मुकुटमणी म्हणजे जपानच्या आर्क सिस्टम वर्क्सचा ‘गिल्टी गियर झर्ड’ (२०१४). गेम त्रिमितीय मॉडेलांचा, दिसतो मात्र हाताने काढलेल्या जपानी कार्टूनसारखा. जुन्या ॲनिमेशनमध्ये सावली म्हणजे रंगाचा एक स्पष्ट कापलेला तुकडा. चित्रकार तो चेहरा शोभेल तिथे काढतो. संगणकाने मोजलेली सावली तशी पडत नाही, नाकाखाली फाटक्या चिंधीसारखी लोंबते. या कलाकारांनी दोन गोष्टी केल्या. मॉडेलचा प्रत्येक बिंदू कुठल्या दिशेला तोंड करून आहे, ही माहिती हाताने बदलली. म्हणजे गाल गोल असला तरी उजेडाला तो सपाट वाटेल. आणि प्रत्येक पात्राला स्वतःचा वेगळा दिवा दिला, जो दुसऱ्या कुणावर पडत नाही. समोरासमोर उभ्या दोन पैलवानांवर दोन वेगळ्या दिशांनी उजेड येतोय, मागच्या देखाव्यातल्या सूर्याशी दोघांचंही काही देणंघेणं नाही. ठोसा मारताना हा दिवा चौकटीगणिक हाताने सरकवलेला आहे, प्रत्येक पोझ चित्रासारखी दिसावी म्हणून. हात हलतो तसा सूर्य हलतो. प्रकाशशास्त्राच्या शिक्षकाने हे बघितलं तर कान उपटेल. बघणाऱ्याला मात्र ते अगदी बरोबर वाटतं.

या संदर्भात पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) आठवतो. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणारी सर्कशीतली मुलगी, तिची गोष्ट दुर्गा आणि विष्णू सांगतात. गेमचा मुख्य भाग नेहमीच्या त्रिमितीय प्रकाशात आहे, पण मधले कथाभाग सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितले आहेत: उजळ पडदा, पुढे सपाट आकृत्या, हातापायांना सांधे. ही निवड मला हुशारीची वाटते. चेहऱ्यावरचे भाव, ओठांच्या हालचाली, शॉटगणिक बदलणारे दिवे, हे सगळं छोट्या चमूला झेपत नाही. बाहुलीला चेहऱ्याचा उजेड लागतच नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांचा हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जपला, त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. ‘राजी’च्या बाहुल्या पिंगुळीच्या नाहीत, पण ज्याने तो खेळ पाहिलाय त्याला पडद्यावर काय चाललंय हे वेगळं सांगावं लागणार नाही.

मग २०१८ मध्ये एनव्हिडिया कंपनीची आरटीएक्स ग्राफिक्स कार्डं आली आणि किरण मागे काढत जाण्याची पद्धत, म्हणजे रे ट्रेसिंग, घरच्या संगणकावर उतरली. पद्धत जुनीच, टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये ती मांडली तेव्हा एका चित्राला तासाहून जास्त वेळ लागला होता. २०१९ मध्ये २२ वर्षांचा म्हातारा ‘क्वेक २’ या पद्धतीने पुन्हा उजळवला गेला. ‘मेट्रो एक्सोडस’ची २०२१ ची सुधारित आवृत्ती फक्त असलं कार्ड असेल तरच चालते. २०२३ मध्ये ‘सायबरपंक २०७७’ने रस्त्यावरच्या निऑनच्या उसळ्यासुद्धा मोजायला घेतल्या. दिसायला हे विलक्षण आहे, यात वाद नाही. ओल्या डांबरावरचं प्रतिबिंब आता आधी रंगवून ठेवावं लागत नाही.

मात्र उजेड खरा झाला की तो खऱ्यासारखाच बेपर्वाही होतो. कथेला महत्त्वाची चावी कोपऱ्यात असेल आणि तिथे उजेड पोचत नसेल, तर ती दिसत नाही. खिडकीकडे पाठ करून बोलणाऱ्या नायिकेचा चेहरा काळा पडतो, जसा आपल्या मोबाइलच्या फोटोत पडतो. म्हणून संवादाचा प्रसंग सुरू झाला की कलाकार अजूनही चेहऱ्यासमोर न दिसणारे दिवे लावतात आणि शॉट संपला की ते काढतात. म्हणजे छायालेखकाच्या थर्माकोलची गरज इथेही पडली. त्यात बहुतेकांच्या घरी महागडं कार्ड नसतं, त्यामुळे एकच खोली जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींत बरी दिसेल अशी लावावी लागते. हे काम दुप्पट कंटाळवाणं आहे.

खरेपणाची आणखी एक किंमत अलीकडे पिवळ्या रंगात दिसते. जग जितकं तपशीलवार आणि सारख्या उजेडाचं, तितकं त्यातलं चढण्याजोगं काय आणि नुसती सजावट काय, हे कळेनासं होतं. मग शिडीवर, कपारीवर, फोडायच्या पेटीवर पिवळा रंग फासायचा. ‘रेसिडेंट ईव्हिल ४’चा नवा अवतार (२०२३) आणि ‘फायनल फँटसी ७ रीबर्थ’ (२०२४) यांवर या रंगावरून बरीच भांडणं झाली. आम्हाला काय आंधळे समजता, असा खेळणाऱ्यांचा सूर. बनवणाऱ्यांची बाजूही खोटी नाही. रंग काढला की चाचणीला बसवलेली माणसं त्याच खोलीत गोल गोल फिरत राहतात. ‘शॅडो ऑफ द टूम रेडर’ (२०१८) मध्ये अवघड पातळी निवडली तर कपारींवरचा पांढरा रंग नाहीसा होतो, ‘स्टार वॉर्स आउटलॉज’मध्येही (२०२४) अशा खुणा बंद करायची सोय आहे. हेडलाइट किंवा डोंगरमाथ्यावरची चीर बंद करायची सोय कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही. तिथे आपल्याला कुणी हाताला धरून नेलं, हे खेळणाऱ्याला कळलेलंच नसतं.